बेस गिटार, डीआय आणि ॲम्प: स्टेजवर जाण्यापूर्वी काय घ्यावे आणि कोणत्या क्रमाने

बेस गिटार शिकून वर्ष-दोन वर्षे झाली आणि ऑर्केस्ट्रात किंवा कॉलेजच्या बँडमध्ये जागा मिळाली, की वादकाची पहिली चौकशी असते ती ॲम्पची: किती वॅटचा घ्यावा, दहा इंची स्पीकर बरा की पंधरा इंची. माझ्या मते ही चौकशी चुकीच्या टोकाकडून सुरू होते. कार्यक्रम नाट्यगृहातला असो, लग्नाच्या लॉनवरचा असो की गणेशोत्सवाच्या मांडवातला, श्रोत्यांच्या कानांवर पडणारा बेस साउंडवाल्याच्या मोठ्या स्पीकरांमधून येतो. आपल्या पाठीमागचा ॲम्प ऐकतो तो आपण स्वतः आणि फार तर ड्रमवाला. म्हणूनच मी पैसे खर्च करण्याचा क्रम असा सांगतो: आधी वाद्य आणि त्याचा नीट सेट-अप (तारांची उंची वगैरे जुळवणे), मग तारा, मग केबल आणि डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरपर्यंत धाडणारी छोटी पेटी), आणि ॲम्प सर्वांत शेवटी.

पूर्वी परिस्थिती वेगळी होती, हेही सांगायला हवे. अँपेग कंपनीने १९६९ साली एसव्हीटी नावाचा ३०० वॅटचा, १४ व्हॉल्व्हचा ॲम्प बाजारात आणला. त्याच्या जोडीला प्रत्येकी आठ दहा-इंची स्पीकरांची कपाटाएवढी कॅबिनेट असत. त्या काळी मोठ्या मैदानांवरही साउंड सिस्टिम मुख्यतः गायकाच्या आवाजासाठी असे आणि बेस शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवण्याचे काम वादकाच्या ॲम्पलाच करावे लागे. त्या भल्यामोठ्या कॅबिनेटांची छायाचित्रे पाहून आपल्यालाही तसेच काही हवे असे वाटते, पण ज्या कारणासाठी ती बनली ते कारण आता उरलेले नाही. मी स्वतः पहिली कमाई एका जड कॉम्बो ॲम्पवर (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) घातली, तो दोन मजले जिन्याने चढवला आणि साउंड चेकच्या दुसऱ्याच मिनिटाला साउंडवाल्याने हात जोडून सांगितले, "दादा, तेवढा बंद करा, बाहेर सगळा घुमतोय." त्याचे म्हणणे बरोबर होते.

वाद्य: आधी पट्टी, मग तारांची संख्या

चार तारांचा बेस की पाच तारांचा, हा प्रश्न आपल्याकडे गायकांच्या पट्टीशी बांधलेला आहे. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की पांढरी तीनचा, म्हणजे ई स्वर मिळतो. त्याची कंपनसंख्या ४१.२ हर्ट्झ असते आणि त्याच्या खाली त्या वाद्यावर काहीच नसते. गायकाने ऐन वेळी "आज घसा बसलाय, पांढरी दोन धरा" असे सांगितले, की खालचा षड्ज वाद्यावर उपलब्ध नसतो आणि तो एक सप्तक वर घ्यावा लागतो. मग ध्रुवपदाला जो भरदार पाया हवा असतो तो पातळ होतो. पाचवी तार बी स्वरात लावलेली असते, ३०.९ हर्ट्झवर, आणि तिच्यामुळे पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन आणि काळी दोन या चारही पट्ट्यांचा खालचा षड्ज हाताशी येतो. ज्याला एका संध्याकाळी चार गायकांसोबत पंचवीस-तीस गाणी वाजवायची आहेत, त्याने पाच तारांचा बेस घ्यावा. स्वतःच्या बँडची ठरलेली दहा-बारा गाणी ठरलेल्या पट्टीतच वाजवणाऱ्याला चार तारा पुरतात. एखाद्या गाण्यापुरती जाड तार एक स्वर उतरवून डी करता येते.

पाच तारांची किंमत हातांना मोजावी लागते. नेक, म्हणजे तारांखालची लांब दांडी, रुंद होते, आणि न वाजवलेली जाड तार सतत अंगठ्याने दाबून गप्प ठेवावी लागते. स्वस्त वाद्यांवर ही पाचवी तार अनेकदा ढिली, बोथट वाजते. दुकानात तिचा पाचवा-सहावा फ्रेट (नेकवरची आडवी धातूची पट्टी) दाबून स्वर स्पष्ट कळतो का ते ऐकावे. नुसती घरघर ऐकू येत असेल तर ते वाद्य चार तारांचेच समजावे.

तारेच्या कंप पावणाऱ्या लांबीला स्केल म्हणतात. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा ती ३४ इंच ठेवली आणि आजही बहुतेक बेस त्याच मापाचे असतात. लहान हातांच्या वादकांसाठी ३० इंची शॉर्ट स्केल वाद्ये मिळतात, आणि ती फक्त मुलांसाठी असतात हा गैरसमज आहे. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर बेस शॉर्ट स्केलच होता. गर्दीच्या लोकलमध्ये वाद्य सांभाळणाऱ्याला त्या चार इंचांचे मोल वेगळे सांगायला नको.

पिकअप, गुणगुण आणि बॅटरी

बाजारातले बहुतेक बेस दोन घराण्यांत मोडतात. प्रिसिजन घराण्यात दोन तुकड्यांत विभागलेला एकच पिकअप (तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग) असतो. ही रचना १९५७ सालापासून चालत आली आहे. १९६० साली आलेल्या जॅझ बेसच्या घराण्यात दोन स्वतंत्र पिकअप असतात आणि नटजवळ (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी) नेक निमुळती, सुमारे ३८ मिलिमीटर रुंद असते. आवाजाच्या गोडीवर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. मला जास्त व्यवहार्य वाटणारा फरक गुणगुणण्याचा आहे. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप सारख्याच प्रमाणात उघडे असतील तर त्यांची गुणगुण एकमेकांना मारते, पण त्यातला एक कमी केला की विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या पटी ऐकू येऊ लागतात. शेजारी एलईडी लाइटच्या रांगा आणि डिमर लावलेल्या स्टेजवर हा त्रास खराच होतो. प्रिसिजनचा दुभंगलेला पिकअप मुळातच ही गुणगुण रद्द करतो. एकच वाद्य घेऊन सगळ्या प्रकारचे कार्यक्रम करायचे असतील तर म्हणूनच माझा कल प्रिसिजनकडे, किंवा पाच तारा हव्या असल्यास गुणगुणरोधक पिकअप असलेल्या वाद्याकडे असतो.

ॲक्टिव्ह बेसमध्ये आतच एक छोटे इलेक्ट्रॉनिक सर्किट असते; ज्यात ते नसते तो पॅसिव्ह बेस. १९७६ च्या म्यूझिक मॅन स्टिंगरेपासून ही पद्धत रूढ झाली. वाद्यावरूनच जाड-बारीक आवाज वाढवण्याची सोय मिळते, पण ९ व्होल्टच्या बॅटरीवर अवलंबून राहावे लागते. बॅटरी संपत आली की आधी आवाज फाटतो, मग तो खोल जातो, आणि हे हमखास दुसऱ्या कडव्यात घडते. वाद्यात पॅसिव्हवर जाण्याचे बटन असेल तर उत्तमच.

दुकानात आणि जुने वाद्य घेताना

नवे असो वा वापरलेले, वाद्य ॲम्पला जोडण्याआधी दहा मिनिटे नुसते हातात घेऊन तपासावे. बॉडीच्या बाजूने एक डोळा मिटून नेकवरून पाहावे, जसे सुतार फळीची धार पाहतो. नेकला हलकासा, एकसारखा बाक असणे ठीक आहे, पण पीळ दिसला तर ते वाद्य खाली ठेवावे, कारण पीळ ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या, बाक कमी-जास्त करणाऱ्या सळईने) जात नाही. मग जाड तार डाव्या हाताने पहिल्या फ्रेटवर आणि उजव्या हाताने शेवटच्या फ्रेटवर दाबून धरावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांमध्ये किती फट राहते ते पाहावे. व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकेल इतकी, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर फट योग्य असते. कार्डच शिरत नसेल तर नेक मागे झुकली आहे, आणि दोन-तीन कार्डे एकदम जात असतील तर ती तारांच्या ताणाने पुढे ओढली गेली आहे. या दोन्ही गोष्टी ट्रस रॉडने दुरुस्त होतात, मात्र त्या रॉडचा नट फिरतो आहे याची खात्री विकणाऱ्याकडून समोर करून घ्यावी.

त्यानंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवून कुठे खरखर होते ते ऐकावे. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर जुळायला हवेत. न जुळल्यास बॉडीवरच्या ब्रिजमधली सॅडल (तार टेकते तो सरकता तुकडा) मागेपुढे करण्याला वाव शिल्लक आहे का ते पाहावे. बाराव्या फ्रेटपाशी तारांची उंची जाड तारेला अडीच आणि बारीक तारेला दोन मिलिमीटरच्या आसपास असली की बोटांना त्रास होत नाही. शेवटी ॲम्प लावून आवाजाची बटने फिरवावीत आणि जॅक हलवून पाहावा. येथे खरखर झाली तर घाबरू नये, ही किरकोळ दुरुस्ती आहे, पण किंमत खाली आणायला तिचा उपयोग होतो.

नव्या वाद्याचाही जाणकाराकडून सेट-अप करून घ्यावा. मधल्या किमतीचे, नीट सेट-अप केलेले वाद्य हे सेट-अप न केलेल्या महागड्या वाद्याहून चांगले वाजते, हे मी अनेकदा पाहिले आहे. आपल्याकडे तर हे काम वर्षातून दोनदा लागते, कारण मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते आणि मे महिन्यात जुळवलेली नेक जुलैत हलते. भर उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत वाद्य ठेवणे ही तर सरळ शिक्षाच.

तारा

गोल तारेने गुंडाळलेल्या साध्या राउंडवाउंड तारांचा आवाज चकचकीत असतो, तर चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या फ्लॅटवाउंड तारांचा आवाज गोल, मऊ आणि लवकर विझणारा असतो. चार तारांचा नेहमीचा संच ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीचा मिळतो. भावगीते, जुनी चित्रपटगीते आणि भजने वाजवणाऱ्यांनी एकदा तरी फ्लॅटवाउंड लावून पाहाव्यात. ढोलक-तबल्याच्या बाजूला त्या फार छान बसतात, फ्रेट कमी झिजवतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमर्सन यांनी साठच्या दशकात प्रिसिजन बेसवर जाड फ्लॅटवाउंड तारा लावून, आणि तोही बहुतेक वेळा थेट मिक्सरला जोडून, जे वाजवले त्यातूनच पुढच्या बेस वादकांच्या पिढ्या शिकल्या. त्या आवाजात ॲम्पचा वाटा फारसा नव्हताच, हे ध्यानात घ्यावे. राउंडवाउंड तारा दमट हवेत आणि घामट हातांत लवकर मरतात, म्हणून प्रत्येक वेळी वाजवून झाल्यावर त्या सुती फडक्याने खालून-वरून पुसाव्यात.

केबल आणि डीआय बॉक्स

वाद्याची केबल जाळीदार वेष्टनाची असते आणि ॲम्पपासून स्पीकर कॅबिनेटपर्यंतची केबल जाड, त्या जाळीविना असते. दोन्हींना तोच पाव इंची जॅक असू शकतो आणि त्यामुळेच घोटाळा होतो. वाद्याची केबल स्पीकरला लावली तर तिच्यातल्या बारीक तारेतून मोठा प्रवाह जातो, ती तापते आणि ॲम्पही जाऊ शकतो. दोन्ही केबलना वेगवेगळ्या रंगांच्या चिकटपट्ट्या लावाव्यात. वाद्याची केबल पाच-सहा मीटरपेक्षा लांब नसावी, कारण पॅसिव्ह वाद्याचा बारीक आवाज लांब केबलमध्ये हरवतो.

डीआय बॉक्सचे काम नेमके इथे सुरू होते. वाद्याचा सिग्नल नाजूक असतो, तर मिक्सर स्टेजपासून तीस-चाळीस मीटरवर असतो. डीआय त्या सिग्नलचे रूपांतर तीन पिनांच्या एक्सएलआर केबलमधून लांबवर, गुणगुण न पकडता जाणाऱ्या सिग्नलमध्ये करतो. ढोबळ नियम असा, की पॅसिव्ह बेससाठी ॲक्टिव्ह डीआय घ्यावा आणि ॲक्टिव्ह बेससाठी पॅसिव्ह डीआय चालतो. ॲक्टिव्ह डीआयला मिक्सरमधून येणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर किंवा बॅटरी लागते. आपल्याकडचे काही जुने छोटे मिक्सर फँटम देत नाहीत, म्हणून बॅटरीची सोय असलेलाच घ्यावा. त्यावर ग्राउंड लिफ्टचे (सिग्नल केबलमधला अर्थचा दुवा तोडणारे) बटन असलेच पाहिजे. साउंडवाल्याकडे डीआय असतोच, पण तो कसा असेल याची खात्री नसते, आणि स्वतःचा चांगला डीआय ही वादकाने करावयाची सर्वांत फायद्याची खरेदी आहे असे माझे ठाम मत आहे.

ॲम्प

आता ॲम्प. घरी सरावाला २० ते ३० वॅट पुरतात. ड्रमसोबत तालमीला २०० ते ३०० वॅट लागतात, जरी शेजारच्या गिटारवाल्याचे ३० वॅटमध्ये भागत असले तरी. खालचे स्वर ऐकू येण्याइतकी हवा हलवायला कितीतरी जास्त शक्ती लागते. वॅटच्या आकड्यांनी मात्र फसू नये. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी साधारण दहापट वॅट लागतात. ३०० ऐवजी ५०० वॅटचा घेतल्याने कानांना फारसा फरक कळत नाही. क्लास डी या हलक्या पद्धतीचे ५०० वॅटचे हेड (स्पीकरविना नुसता ॲम्प) आज अडीच-तीन किलोंत, खांद्याच्या पिशवीत मावणारे मिळते, त्यामुळे आणखी जड काही घेण्याचे कारण नाही.

हेड आणि कॅबिनेट वेगळे घेतल्यास ओहमचा, म्हणजे स्पीकरच्या विद्युत-रोधाचा, हिशेब ठेवावा. ८ ओहमच्या दोन कॅबिनेट समांतर जोडल्या की एकूण ४ ओहम होतात. ४ ओहमच्या दोन जोडल्या तर २ होतात. हेडच्या मागे किमान ४ ओहम लिहिले असताना २ ओहमचा भार दिला तर ते तापून बंद पडते किंवा जळते. पुढे दुसरी कॅबिनेट जोडण्याचा विचार असेल तर पहिली ८ ओहमचीच घ्यावी.

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून ॲम्प मागवणाऱ्यांनी मागच्या पट्टीवरचे व्होल्टेज आधी वाचावे. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ असते आणि आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. "१००–२४०" असे लिहिलेले असेल तर फक्त पिन बदलावी लागते. तसे नसेल तर पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो ॲम्पच्या गरजेपेक्षा मोठ्या क्षमतेचा घ्यावा आणि त्याचे वजनही प्रत्येक कार्यक्रमाला वाहावे लागेल हे लक्षात ठेवावे.

वीज आणि अर्थिंग

हा भाग कोणी वाचल्याशिवाय सोडू नये. तात्पुरत्या मांडवात अर्थिंग नसणे, किंवा मिक्सर एका लाइनवर आणि स्टेज दुसऱ्या लाइनवर असणे, ही रोजची गोष्ट आहे. बेसच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात. अर्थिंगमध्ये बिघाड असेल आणि वादकाने तारांवर हात ठेवून माइकला ओठ लावले, तर दोन्हींमधला व्होल्टेजचा फरक त्याच्या शरीरातून जातो. मला एका मांडवात कोरस म्हणताना ओठांवर असा झटका बसला आणि तेव्हापासून पाकिटात छोटा मल्टीमीटर असतो.

तपासणी सोपी आहे. मीटर एसी व्होल्टवर, सर्वांत मोठ्या रेंजवर ठेवून त्याचे एक टोक बेसच्या तारेला आणि दुसरे माइकच्या जाळीला लावावे. आकडा शून्याच्या जवळ असायला हवा. तो दहा-वीस किंवा त्याहून अधिक दाखवत असेल तर वाद्य खाली ठेवून इलेक्ट्रिशियनला बोलवावे आणि दुरुस्ती होईपर्यंत माइकला तोंड लावू नये. साधा सॉकेट टेस्टर लावून प्लगमध्ये अर्थ आहे का आणि फेज-न्यूट्रल उलटे नाहीत ना, हेही पाहावे. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थची, म्हणजे वरची जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला आजही दिला जातो. तो जिवावर बेतणारा आहे. गुणगुण डीआयवरच्या ग्राउंड लिफ्टने घालवावी, किंवा स्टेज आणि मिक्सर एकाच लाइनवर आणून. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर ॲम्प लाइटवाल्याच्या बोर्डावर लावू नये. लाइट एकदम पेटले की व्होल्टेज खाली जाते आणि ॲम्प रुसतो.

पेडल

पेडलांविषयी थोडक्यातच सांगतो. पहिले पेडल ट्यूनर असावे. तो दाबताच आवाज बंद होतो, म्हणून गाण्यांच्या मध्ये निवेदक बोलत असताना स्वर लावता येतो. दुसरा कंप्रेसर (मोठे आणि हळू स्वर एकसारखे करणारा), आणि तोही वाजवण्यातली असमानता कळल्यावरच. बाकीची वर्षभर थांबू शकतात.

साउंड चेक

साउंडवाल्याला डीआयची केबल देताना त्याने चॅनेल बंद ठेवला आहे का ते विचारावे, कारण जॅक लावताना होणारा धडाका मोठ्या स्पीकरना मारक ठरतो. डीआय ॲम्पचाच वापरत असाल तर त्यावरचे बटन "प्री" स्थितीत ठेवावे, म्हणजे स्टेजवर आपण आवाज कमी-जास्त केला तरी सभागृहातला बेस बदलत नाही. ॲम्प पोकळ फळ्यांच्या स्टेजवर थेट ठेवला तर फळ्याच ढोलासारख्या घुमतात. तो खुर्चीवर किंवा लोखंडी स्टँडवर, तोंड कानाकडे वर करून ठेवावा. गुडघ्यांकडे तोंड केलेला ॲम्प ऐकू येत नाही म्हणून वादक आवाज वाढवतो आणि पहिल्या रांगेतल्या माणसांना विनाकारण शिक्षा होते.

स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसेल तर बेसचे खालचे बटन वाढवण्याऐवजी मधले, २५० ते ८०० हर्ट्झच्या आसपासचे वाढवावे. ४१ हर्ट्झच्या लाटेची लांबी ८ मीटरच्या पुढे जाते, त्यामुळे ती खोलीभर पसरते आणि ऐकणाऱ्याला दिशा कळत नाही. बोट तारेवर पडल्याचे कळते ते मधल्या पट्ट्यातच. साउंडवाल्याला बेसवर ३० ते ४० हर्ट्झच्या खालचा भाग कापायला सांगितले तर तो बहुधा खूश होऊन तुमच्याकडे पाहील.

पिशवीत एक जादा केबल, जाड तारेचा एक सुटा नग, ९ व्होल्टची नवी बॅटरी, ॲम्पचे फ्यूज, ॲलन चाव्या, छोटी विजेरी, कापडी चिकटपट्टी आणि तीन पिनांचा स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड असावा. कार्यक्रम संपला की आधी साउंडवाल्याला चॅनेल बंद करायला सांगावे, मग ॲम्पचा आवाज शून्यावर आणून तो बंद करावा, आणि त्यानंतरच जॅक काढावा. ॲक्टिव्ह बेसमधला जॅक तसाच राहिला तर बॅटरी रात्रभर खर्च होत राहते, आणि पुढच्या मांडवात त्याची आठवण होते ती दुसऱ्या कडव्यात.